पिवळ्यांची रांग

२४ ऑक्टोबर १७९६, बालिसो बेट

कोठीसाहेबाने आज मला कागद दिले. जहाजावरच्या कुठल्याशा वहीतले आहेत, कडा ओलीने फुगलेल्या. बिस्किटं आणि पाणी वाटणारा हा इंग्रज. त्याचं फ्रेंच इतकं मोडकं की पहिल्या दिवशी "पाणी पिऊन घ्या" म्हणायच्या ऐवजी "पाणी होऊन जा" म्हणाला आणि बायका हसत सुटल्या. मी त्याचं वाक्य सरळ करून दिलं, तेव्हापासून मी त्याची दुभाषी. आई पाद्रीबाबांकडे स्वयंपाकाला होती, तिथे मला अक्षरं आली. त्यांचा असा उपयोग होईल हे पाद्रीबाबांच्या स्वप्नातही आलं नसेल.

माझा नवरा हिलेर अजून डोंगरात इंग्रजांशी लढतो आहे. त्याची माणसं शरण आलेली नाहीत. तो भेटेल तेव्हा सांगायचं काही राहून जाऊ नये म्हणून हे लिहिते.

आम्ही तिघी एका झोपडीत आहोत. चार काठ्या आणि वर फाटकं शीड. मी, माझी सहा वर्षांची नानेत, आणि हिलेरची आई उर्सुल, म्हणजे माझ्या आत्याबाई. बेटावर झरा नाही, ओढा नाही. पाणी पिंपांतून येतं आणि पिंपाचा वास घेऊन येतं. सकाळी हवा स्वच्छ असली की समोर युरुमेनचे, आमच्या बेटाचे, डोंगर दिसतात. इंग्रजांनी आम्हाला इथे आणून कोंडलं आणि आमची घरं, होड्या, कसाव्याची शेतं जाळली त्याचा धूर आधी इथून दिसायचा. आता धूरही दिसत नाही. जाळायला काही उरलं नसणार.

आत्याबाईंचं तोंड मात्र होतं तसंच चालू आहे. "एवढ्या किनाऱ्यावर माझ्या पोराला नेमकी कोळशाची गोणीच सापडली," हे आज शेजारच्या झोपडीलाही ऐकवून झालं. त्या जुन्या लोकांतल्या, युरुमेनवरच्या मूळच्या, सरळ केसांच्या, उजळ. मी काळी. लग्नाला आठ वर्षं झाली तरी त्यांना ते रोज नव्याने दिसतं.

२ नोव्हेंबर

बिस्किटात अळ्या. दोमितील म्हणते, मांस मिळतंय ना, मग तक्रार कसली. दोमितील शेजारची. तिला दोन मुलं, एक अंगावर पिणारं. तिची जीभ आत्याबाईंच्या जिभेला पुरून उरेल अशी ती एकटीच.

नानेत बापासारखं बोलते. "मी आलो, मी जेवलो." हिलेरने लाडात तसं बोलायला शिकवलं आणि ते तिने सोडलं नाही. आत्याबाई ओरडतात, "बायकांसारखं बोल गं, उद्या मिशा फुटतील." नानेत म्हणते, "फुटल्या तर मी डोंगरात जाणार. बाबाबरोबर लढणार." यावर आत्याबाई हसल्या. नातीवर त्यांचा सगळा जीव. ती त्यांच्यावर गेली आहे ना, रंगाने नाही तरी केसांनी आणि नाकाने.

१९ नोव्हेंबर

मधले दिवस लिहिलं नाही. ताप आला आहे बेटावर. डोकं धरतात, कंबर धरतात, मग अंग पेटतं. काही जण उठतात. बरेच उठत नाहीत.

दोमितीलचं पिणारं बाळ काल गेलं. शिपायांनी टेकडीमागे लांब चर खणला आहे, त्यात सगळ्यांना ठेवतात. दोमितील म्हणाली, "अंघोळ तरी घालू दे." पाणी नव्हतं. समुद्राचं आणते म्हणाली, पण शिपाई थांबेना, त्याला अजून पाच झोपड्यांत जायचं होतं. मी मध्ये पडले, फ्रेंचमधून विनवलं, त्याला फ्रेंच येत नव्हतं. गाणं म्हणायला चार बायकाही धड उभ्या राहू शकल्या नाहीत.

आत्याबाई रात्रभर पुटपुटत होत्या. अंघोळ नाही, गाणं नाही, असं ज्यांना पुरलं ते पूर्वजांत जाऊन बसत नाहीत. ते मागे मागे येतात, तहानलेले. "एवढे सगळे आमच्या मागे लागले तर आम्ही कुठे पळायचं?" म्हणाल्या. मला टोमणा न मारता त्या एवढं पहिल्यांदाच बोलल्या असतील.

३ डिसेंबर

दोमितीलचा मोठा मुलगाही गेला. ती रडत नाही. पाण्याच्या रांगेत भांडते, तेही इतरांच्या वतीने.

१७ डिसेंबर

आज कोठीसाहेबाने मला बाजूला बोलावलं. खाली बघत बोलत होता. वरून हुकूम आला आहे की आम्हाला इथून हलवणार. फार लांब, जहाजाने, कुठल्या बेटावर ते त्यालाही माहीत नाही. परत कधीच येता येणार नाही. मात्र जे पिवळे आहेत, जुन्या लोकांतले, त्यांना युरुमेनला परत पाठवणार. ते निरुपद्रवी आहेत, असं साहेब लोकांनी ठरवलं आहे.

मी विचारलं, "पिवळा कोण आणि काळा कोण हे कसं ठरवणार?"

"बघून," तो म्हणाला.

"एकाच घरात दोन्ही असले तर?"

तो म्हणाला, "मला वाईट वाटतं." हे वाक्य त्याला फ्रेंचमध्ये अगदी शुद्ध येतं.

मग ते सगळं मलाच ओरडून सांगावं लागलं. एक म्हातारा म्हणाला, "माझी बायको पिवळी, मी काळा. पोरं मधली. पोरांचं काय, कापून वाटणार?" लोक माझ्यावरच धावून आले. जणू मीच ठरवलं होतं. दोमितील माझ्यापुढे उभी राहिली. "तिला का खाता? तोंड तिचं आहे, शब्द त्यांचे आहेत."

झोपडीत आले तर आत्याबाई नानेतच्या केसांतून बोटं फिरवत बसल्या होत्या. मला वाटलं आता खूश होऊन बोलतील, बघ, माझ्या रंगाची किंमत कळली ना. त्यांची बोटं नुसती फिरत राहिली.

१८ डिसेंबर

झोप नाही. मी काळी, मी जाणार. आत्याबाई परत जाणार हे नक्की. नानेत मधली आहे. तिच्याकडे बघून काय म्हणतील?

तिला परत पाठवता आलं तर ती जगेल. तिथे ओढ्याचं पाणी आहे. माझ्याबरोबर आली तर इथे चर आहे आणि नाहीतर समुद्र.

आत्याबाईंना म्हटलं, "तुम्ही तिला घेऊन जा."

"आणि तू?"

"मला कोण नेणार? तुम्हीच म्हणता, कोळसा."

"मी म्हणते ते वेगळं," आत्याबाई म्हणाल्या. "ते कोण गं म्हणणारे?"

२९ डिसेंबर

नानेतला उन्हात जाऊ देत नाही. दिवसभर शिडाखाली. माझ्या वाटणीच्या पाण्यातलं थोडं फडक्यावर घेऊन तिचं तोंड पुसते. केसांना खोबऱ्याचा तुकडा चोळून आणखी सरळ करते. ती वैतागते. "मी काय भांडं आहे का घासायला?" बाहेर मुलं खेळत असतात. फार नाहीत आता.

८ जानेवारी १७९७

कोठीसाहेब सांगत होता, होडी याच आठवड्यात येणार. पाहणीला कोणी वेगळाच साहेब येईल. मी त्याला म्हटलं, "माझी मुलगी आजीवर गेली आहे, तुम्ही सांगा ना त्यांना." तो म्हणाला, "माझं तिथे कोणी ऐकत नाही." मग मला चार बिस्किटं जास्त दिली. मी काय करू त्या बिस्किटांचं?

१० जानेवारी

नानेतला ताप. डोकं दुखतं म्हणते. पाठ दुखते म्हणते. सहा वर्षांच्या मुलीची पाठ कशाने दुखेल? एवढे दिवस कोंडून ठेवलं म्हणून आखडली असेल.

१२ जानेवारी

तसाच ताप. आत्याबाई तिच्या जवळून हलत नाहीत, मला हातही लावू देत नाहीत. मी पाण्यासाठी फिरते आहे.

१३ जानेवारी

ताप उतरला! सकाळी डोळे उघडून म्हणाली, "मला भूक लागली." बिस्किट भिजवून दिलं, अर्धं खाल्लं. अंग गार आहे. मी किनाऱ्यावर जाऊन पाण्यात उभी राहून मोठ्याने रडले. लोकांनी बघितलं असेल. बघू देत.

कोठीसाहेब म्हणाला, परवा पाहणी.

१४ जानेवारी

नानेत शांत आहे. हट्ट नाही, बाहेर जायचं नाही, नुसती पडून असते. अशक्तपणा आहे, भरून येईल. बिस्किट हिरडीला टोचून थोडं रक्त आलं. या बिस्किटांनी म्हाताऱ्यांचे दातसुद्धा पडले आहेत.

आणि एक चांगली गोष्ट. तिचा रंग खरंच उजळला आहे. शिडाखाली ठेवल्याचा गुण आला. दुपारी उजेडात धरून बघितलं, गाल, कपाळ, हात, सगळं आत्याबाईंसारखं पिवळसर. आत्याबाईंना दाखवलं. त्यांनी मान दुसरीकडे वळवली.

दोमितील डोकावली. नानेतकडे बघत राहिली, मग म्हणाली, "सिदोनी, तिचे डोळे बघितलेस?"

"काय झालं डोळ्यांना?"

"पांढरं कुठे आहे त्यात?"

मी तिला म्हटलं, तुझी दोन्ही गेली म्हणून तुला सगळ्यांची मुलं मेलेली दिसतात. असं म्हटलं मी. ती निघून गेली. मी माफी मागायला गेले नाही. उद्या जाईन. उद्या पाहणी आहे, परवा जाईन.

१५ जानेवारी

झालं.

सगळ्यांना किनाऱ्यावर उभं केलं. एक साहेब खुर्चीवर, डोक्यावर छत्री धरलेली. एकेक जण पुढे जायचा, तो काठीने डावीकडे किंवा उजवीकडे दाखवायचा. बोलत नव्हता. डावीकडे काळे, उजवीकडे पिवळे. उजवीकडे अगदी थोडे होते. नवरा डावीकडे आणि बायको उजवीकडे गेली की ओरडा व्हायचा. शिपाई मध्ये बंदुका आडव्या धरायचे, पुढचा माणूस पुढे यायचा.

नानेतला चालवत नव्हतं. आत्याबाईंनी तिला कडेवर घेतलं. मी म्हटलं मी घेते. "तू लांब हो," आत्याबाई म्हणाल्या. "तुझा रंग तिच्या शेजारी नको." बरोबरच होतं. मी मागे राहिले. त्यांनी तिचं डोकं आपल्या खांद्यावर दाबून धरलं होतं, डोळ्यांवर पदर ओढला होता, उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून असेल.

साहेबाने आत्याबाईंकडे बघितलं. नानेतच्या हाताकडे बघितलं. काठी उजवीकडे.

मी ओरडणारच होते. आनंदाने.

मग माझी पाळी, डावीकडे. माझ्याकडे त्याने बघितलंही नाही.

त्यांना लगेच होडीत बसवलं. मी शिपायाच्या बंदुकीवरून ओरडले, "नानेत, ओढ्यावर जा, पोटभर पाणी पी!" तिने मान उचलली नाही. झोपली असेल. आत्याबाईंनी मात्र वळून बघितलं. आठ वर्षांत त्यांनी माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. मला वाटलं काही बोलतील. होडी सुटली.

१६ जानेवारी

आता पोचल्या असतील. माझ्या मुलीने पाणी प्यायलं असेल. झोपडी केवढी मोठी वाटते.

दोमितीलकडे गेले. माझ्यासाठी तिने जागा केली. मी म्हटलं, "मी बोलले ते..." ती म्हणाली, "जाऊ दे." मी म्हटलं, "बघितलंस ना, गेली नानेत, सुटली." तिने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. दोमितील गप्प बसली हे मला आवडलं नाही.

२८ जानेवारी

रोज सकाळी युरुमेनकडे बघते. डोंगर तिथेच आहेत. तिथे कुठे तरी ती खेळत असेल, "मी आलो, मी जेवलो" करत. आत्याबाई ओरडत असतील. आता ओरडतील असं वाटत नाही, लाडच करतील.

ताप मलाही येऊन गेला. उठले. का उठले ते माहीत नाही.

५ फेब्रुवारी

हे लिहायला तीन दिवस लागले.

डोंगरातले शेवटचे लोक शरण आले, त्यांना घेऊन होडी आली. मी धावले. हिलेर उतरला. हाडं आणि दाढी. त्याने मला बघितलं आणि तो पाण्यातच थांबला. त्याच्या मागून, शिपायाचा हात झिडकारत, आत्याबाई उतरल्या.

एकट्या.

मी होडीत बघितलं. होडी रिकामी झाली तरी बघत होते.

"तुम्ही का आलात?" मी विचारलं. "तिला कोणाकडे ठेवलंत?"

आत्याबाईंनी मला वाळूवर बसवलं. स्वतः समोर बसल्या. म्हणाल्या, "दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. ओढ्यापर्यंत नेलं होतं मी. पाणी प्यायली. मग काळी उलटी झाली."

मी त्यांना मारलं. हिलेर मध्ये आला तर त्याला त्यांनी लांब केलं. "मारू दे." मी मारत राहिले. थकले तेव्हा विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"डोळे पिवळे झाले त्या दिवसापासून."

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू तिला सोडलं असतंस का?" आत्याबाई म्हणाल्या. "इथे ठेवून काय करणार होतो आपण? चरात टाकलं असतं तिला, तशीच, न धुता. मी तिला ओढ्यात अंघोळ घातली. आपल्या जळक्या शेताच्या वरच्या अंगाला पुरली. चार बायका मिळाल्या, गाणं झालं. ती मागे लागणार नाही कोणाच्या. पूर्वजांत बसली ती."

मला काही ऐकायचं नव्हतं. मला तिचे हात कसे होते एवढंच आठवायचं होतं, आणि मला तो रंग आठवत होता, ज्याच्यावर मी खूश झाले होते.

संध्याकाळी हिलेरने बाकीचं सांगितलं. युरुमेनच्या बंदरावर या लोकांना होडीत चढवत होते तेव्हा आत्याबाई गर्दीतून आल्या आणि सरळ होडीत चढायला लागल्या. शिपायाने हातवारे करून अडवलं, म्हातारे, तू पिवळी आहेस, तुला जायचं नाही. आत्याबाई म्हणाल्या, "माझा मुलगा काळा, सून काळी. मी पिवळी कशी? डोळे फुटले का तुझे?" त्याला एक शब्द कळला नसणार. पण एक माणूस कमी पडला तर त्याला जाब होता, जास्त झाला तर कोण विचारतं? त्याने चढू दिलं.

९ मार्च

जहाजावर. आम्हाला खाली ठेवलं आहे, उभं राहिलं तर डोकं फळीला लागतं. जहाजावर चढवताना कोठीसाहेब धक्क्यावर होता. त्याने टोपी काढली. मी त्याचं काही भाषांतर केलं नाही.

बालिसोवर जेवढे आलो त्यातले अर्धेसुद्धा जहाजावर नाहीत, असं हिलेर म्हणतो. दोमितील आहे. युरुमेन मागे पडलं ते मी बघितलं नाही, खाली खिडकी नाही. शिडांच्या आवाजावरून कळलं.

मार्चच असेल, तारीख माहीत नाही

रोज आत्याबाईंना विचारते, तिला अंघोळ कशी घातलीत. त्या रोज सांगतात. आधी पाय, मग पाठ, मग केस. ओढ्याच्या कुठल्या वळणावर, कुठल्या दगडावर बसून. एकही शब्द बदलत नाहीत, आणि एकदाही म्हणत नाहीत की किती वेळा सांगू. हिलेर तेव्हा दुसरीकडे तोंड करून झोपल्यासारखा पडतो.

जहाजावरही ताप आहे. जे मरतात त्यांना वर नेतात आणि पाण्याचा आवाज येतो.

१३ एप्रिल, रोआतान बेट

सकाळी उतरवलं. वाळू, माडाची झाडं, मागे कोरडी टेकडी. माणूस कोणीच दिसत नाही. थोडी पिंपं, पोती, काही हत्यारं किनाऱ्यावर टाकली आणि जहाजं लगेच फिरली. शिपाई जाताना एकमेकांशी हसत बोलत होते, घरी जाण्याबद्दल असावं.

आम्ही सगळे किनाऱ्यावर उभे होतो. कोणालाच काही करायला सुचत नव्हतं. मग कोणी तरी खाली बसलं आणि हळूहळू सगळे बसले. दोमितील म्हणाली, "इथे पाहणीला कोणी येणार नाही, एवढं बरं." हसलं कोणी नाही, ती स्वतःही नाही.

आज मी आत्याबाईंना विचारलं नाही. विचारायची ताकद नव्हती. त्यांनीच सुरुवात केली. आधी पाय, मग पाठ, मग केस. मग थांबल्या. वाळूत बोटाने काही तरी उकरत राहिल्या. म्हणाल्या, "एक सांगितलं नाही तुला. ती तुला हाका मारत होती. रात्रभर. मी म्हटलं, आई मागच्या होडीत आहे, येतेच आहे. तिने विचारलं, दिसते का होडी? मी म्हटलं, दिसते."

मी त्यांच्याकडे बघत होते. त्या समुद्राकडे बघत होत्या. जहाजांची शिडं अजून दिसत होती, बोटाच्या नखाएवढी.

"खोटं बोलले मी," म्हणाल्या. "पण ती झोपली."

त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठायचा प्रयत्न केला, पहिल्यांदा जमलं नाही, मग मी हात दिला.

"चल," त्या म्हणाल्या. "पाणी कुठे आहे ते बघायला हवं."